वाचकांचे प्रश्न : लोकर कोणाची, माल कोणाचा?

प्रश्न : सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातील व्यापारी शहरे सोडून खेड्यांतील घराघरांतून कापड तयार करून घेत, असे वाचले. ते खेड्यांकडे का वळले? घरी बसून विणणाऱ्याला स्वतंत्र कारागीर म्हणावे की मजूर? – एक वाचक, सातारा

उत्तर : शहरांत कारागीर संघांचा अंमल होता. कोणी किती माग चालवावेत, किती शिकाऊ उमेदवार ठेवावेत, हे संघ ठरवीत, त्यामुळे मागणी वाढली तरी उत्पादन मनाजोगे वाढवता येत नसे. खेड्यांत हा जाच कमी होता आणि तुटपुंज्या जमिनीवर पोट न भरणारी कुटुंबे थोड्या मजुरीवरही काम घेत. एका मागाला पुरेसे सूत द्यायला कातणारे अनेक हात लागत, म्हणून लोकर दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत पोहोचवली जाई.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माग कोणाचा, यापेक्षा लोकर कोणाची हे आधी पाहावे, असे मला वाटते. इंग्लंडच्या विल्टशर आणि ग्लॉस्टरशर भागांत धनाढ्य कापडवाला लोकर विकत घेऊन कातायला देई, तेच सूत विणकराकडे धाडी, आणि कापड तयार होईपर्यंत मालकी त्याचीच राही. विणकर घरी बसत असला तरी तो मजूरच होता. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमधील लहान विणकर मात्र स्वतः लोकर आणून घरच्यांच्या मदतीने थान विणी आणि बाजारात स्वतःच विकी. अशा विक्रीसाठी हॅलिफॅक्सला १७७९ मध्ये उघडलेल्या ‘पीस हॉल’मध्ये तीनशेहून अधिक खोल्या होत्या.

त्याच परगण्यातील वर्स्टेडचा, म्हणजे विंचरलेल्या लांब लोकरीच्या कापडाचा, धंदा मात्र बव्हंशी व्यापाऱ्याच्या लोकरीवर चाले. लोकर त्याची आणि चरखा दूरच्या घरात, तेव्हा संशय आलाच. सुताच्या लडीत ठरल्यापेक्षा कमी फेरे भरले, की कातणारीवर ठपका येई. १७७७ च्या कायद्याने तर अशा लड्या पकडण्यासाठी निरीक्षक नेमण्याची सोय केली. तुटपुंज्या मजुरीवर कातणाऱ्या बायकांवर बसवलेला हा पहारा मला अन्यायाचा वाटतो.

तरीही लोकर स्वतःची असली म्हणजे विणकर मोकळा झाला, असे नाही. जर्मनीतील व्युर्टेमबर्ग संस्थानात काल्व येथील व्यापाऱ्यांच्या कंपनीला १६५० मध्ये ड्यूककडून सनद मिळाली, आणि आसपासच्या विणकरांवर आपले कापड तिलाच विकण्याची सक्ती झाली. गिऱ्हाईक एकच असल्याने भावासाठी घासाघीस करायला त्यांना फारशी जागा उरली नाही. ही कंपनी १७९७ मध्ये मोडली.