वाचकांचे प्रश्न : नाईक यशवंत घाडगे यांच्या फलकावर काय लिहावे?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना वीरमरण आलेले नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे यांचा फलक आमच्या शाळेत लावायचा आहे. आलेल्या मसुद्यांत कुठे 'परमवीर चक्र' आहे, कुठे १० जुलै १९४४ तर कुठे २ नोव्हेंबर १९४४. बरोबर काय?

उत्तर : 'व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर)' असेच लिहा. हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू झाले, त्यामुळे इटलीतल्या लढाईला ते मिळणे शक्यच नाही. तारखा दोन्ही खऱ्या आहेत. १० जुलै हा पराक्रमाचा आणि वीरमरणाचा दिवस, तर २ नोव्हेंबरला लंडनच्या राजपत्रात सन्मान जाहीर झाला. फलकावर १० जुलै घ्या. पदकाच्या मागेही पराक्रमाचीच तारीख कोरतात.

पलटणीचा उल्लेख '३/५' असा मिळेल. तो दिनांक नव्हे. ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, असा त्याचा अर्थ.

मजकुरात 'शत्रूशी शौर्याने लढले' एवढ्यावर कृपया थांबू नका. मानपत्रातला तपशील जसाच्या तसा द्यावा इतका मोलाचा आहे. इटलीतल्या वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शन कमांडर घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. टॉमी गनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपले. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. रिकामे काढून भरलेले बसवायचे म्हणजे काही सेकंद हात अडकणार, आणि दोन शत्रू हाताच्या अंतरावर. त्यांनी गन नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना संपवले. मग शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गोळ्या घातल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२.

प्रश्न : त्यांची समाधी कुठे आहे?

उत्तर : ज्ञात समाधी नाही. इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. रायगडमध्ये माणगावात पुतळा आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या पेरुजाजवळ मोंतोने येथे त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ-स्मारक उभे राहिले.

प्रश्न : पणजोबाही इटलीत धारातीर्थी पडले असे घरात सांगतात. नोंद कशी शोधू?

उत्तर : राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते. सैन्य 'इंडियन आर्मी' आणि देश 'इटली' निवडा. शोध बहुधा नावापाशी अडतो: भारतीय सैनिकांचे पूर्ण नाव पुष्कळदा आडनावाच्याच रकान्यात भरलेले असते, आणि इंग्रजी स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाच्या कानावर ठरलेले. 'घाडगे', 'घाटगे' अशी सगळी रूपे टाकून पाहा. 'मराठा' इंग्रजीत तेव्हा वेगळे लिहीत: आर-च्या आधी एच आणि शेवटी दोन टी (Mahratta). जिल्हा 'कुलाबा' दिसला तर गोंधळू नका, तोच आजचा रायगड. घरात जुने पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. त्यावर क्रमांक कोरलेला असला तर एकाच नावाच्या अनेक शिपायांतून आपला माणूस ओळखता येतो. पदक मात्र पॉलिश करू नका, अक्षरे झिजतात.