बारा-तेरा वर्षे जुन्या कर्जासाठी वसुलीवाले धमकावतात. थोडे पैसे देऊन मोकळे व्हावे का?

तुम्ही लिहिले आहे की शिरपूरकडच्या तुमच्या वडिलांनी २०११ साली एका फायनान्स कंपनीकडून विनातारण कर्ज घेतले, वडील आता हयात नाहीत, आणि कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीची माणसे तुमच्या आईंना फोन करून ‘पोलीस पाठवतो, घराला कुलूप लावतो’ असे दरडावतात. तेव्हा पाच-दहा हजार देऊन त्यांचे तोंड बंद करावे की नंबर बदलून टाकावा, असे तुम्ही विचारता. नंबरचे तुम्ही ठरवा. पाच-दहा हजारांबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. एक रुपयाही देऊ नका, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे कोणत्याही कागदावर सही करू नका, आईंनाही करू देऊ नका.

आमच्या घरात हाच प्रसंग येऊन गेला आहे आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी रावेर तालुक्यातला. थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या दादाने, २००८ मध्ये केळीला ठिबक करण्यासाठी एका खासगी कंपनीकडून तीन वर्षांच्या हप्त्यांवर साठ हजार रुपये घेतले होते. तारण काही नव्हते. पहिली दोन वर्षे हप्ते नियमित गेले, मग निसवलेला बाग वादळात आडवा झाला आणि हप्ते थांबले. कंपनीने एक-दोन नोटिसा पाठवल्या आणि पुढे कित्येक वर्षे चकार शब्द काढला नाही. २०१९ मध्ये दोन तरुण मोटारसायकलवरून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितले आणि शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ‘चारशे वीसचा गुन्हा’ आणि ‘अटक वॉरंट’ असे शब्द उच्चारू लागले. वहिनी आतल्या खोलीत रडत होत्या. पाच हजार दिले तर बाकीचे प्रकरण वरिष्ठांशी बोलून थांबवतो, असे म्हणत त्यांनी फाइलमधून एक कागद काढला, ज्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘पावती’ असे छापलेले होते.

मी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे कागदाचे शीर्षक सोडून खालचा मजकूर आधी वाचण्याची मला खोड आहे. पाच हजार मिळाल्याची नोंद एका ओळीत होती. तिच्याखाली बारीक टाइपात लिहिले होते की, कर्जाची उर्वरित रक्कम रुपये १,८६,००० मला मान्य असून ती मी दरमहा हप्त्याने फेडण्याचे वचन देतो. त्याखाली रेव्हेन्यू तिकीट आधीच चिकटवलेले होते आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलेली होती. पैसे घेणाऱ्याने द्यायच्या पावतीवर पैसे देणाऱ्याची सही कशाला हवी, एवढेच मी विचारले. त्यावर दोघांपैकी मोठा जो होता त्याने फाइल बंद केली.

सगळी गोम त्या वचनाच्या ओळीत आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार अशा साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा, रक्कम थकल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. दादाचा शेवटचा हप्ता २०११ मध्ये देय होता, म्हणजे कसेही मोजले तरी २०१४ नंतर कंपनीला न्यायालयाचे दार बंद झाले होते. मुदत चालू असताना कर्जदाराने सहीनिशी कबुली दिली किंवा काही भरणा केला आणि त्याची सहीची नोंद राहिली, तर कलम १८ व १९ प्रमाणे तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मुदत संपल्यानंतर मात्र नुसती कबुली किंवा नुसता भरणा मेलेला दावा जिवंत करू शकत नाही. त्यासाठी १८७२ च्या करार कायद्यातील कलम २५(३) चा आधार लागतो, आणि त्यानुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे सहीचे लेखी वचन हा एक नवा, वैध करार ठरतो. ती दोन माणसे पाच हजारांसाठी आलेलीच नव्हती.

आता आमचे दाजी. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि त्या दिवशी फोनवर त्यांचा आग्रह होता की पाच हजार देऊन टाका, घराण्याची शोभा होते आहे. मी देऊ दिले नाहीत. त्यानंतर प्रत्येक लग्नकार्यात ते मला ऐकवतात की, मुदत संपल्यावर पाच हजार दिल्याने कायद्याने काहीच बिघडले नसते, तू उगाच कायदा पाजळलास आणि भावाला कर्जबुडव्या ठरवलेस. पहिल्या अर्ध्या वाक्यात ते बरोबर आहेत, हे मी वर लिहिलेच आहे. पण पैसे सहीशिवाय घेण्याची त्या माणसांची तयारी नव्हती, आणि घाबरलेल्या माणसाने पैसे पुढे केले की त्याच हाताने तो सहीही करतो, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या गृहस्थाला मी शिकवायला नको. शोभेचे म्हणाल, तर असली बुडीत कर्जे मूळ कंपनी दर्शनी रकमेच्या अल्पशा भागाला विकून टाकते. आमच्याकडे आलेल्यांनी दादाला कधी एक पैसा दिलेला नव्हता. मूळ कंपनीचा कोणी साध्या शब्दांत बोलायला आला असता, तर मुद्दल किती राहिले हे पाहून दादाने खुशीने दिले असते, आणि मी आडवा आलो नसतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी, केवळ मुलगा आहे म्हणून हिंदू मुलाकडे बापाचे देणे मागता येत नाही. वडिलांची जी मालमत्ता तुमच्या हाती आली असेल तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी असते, आणि तीही दावा मुदतीत असेल तर.

धमक्यांचे म्हणाल, तर कर्ज थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करण्यास, तसेच कर्जदाराला चारचौघांत अपमानित करण्यास मनाई केली आहे. कर्ज विकत घेतल्याचा करार, खातेउतारा आणि एजंटचे अधिकारपत्र लेखी मागा. आमच्याकडे एवढ्या मागणीनंतर फोन थांबले. न थांबल्यास आधी कंपनीकडे तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. धमकी देण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ आहे, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मात्र वरचे सगळे विनातारण आणि न्यायालयात न गेलेल्या कर्जापुरते आहे, हे आधी सांगायला हवे होते. घर किंवा जमीन गहाण असेल तर मुदत बारा वर्षांची असते. कंपनीने वेळेत दावा लावून हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा वसुलीचा आदेश, मिळवलेला असेल, तर त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त बारा वर्षांपर्यंत करता येते. कर्ज पतसंस्थेचे असेल आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघालेला असेल, तर प्रकरण अगदीच वेगळे होते. आई सहकर्जदार किंवा जामीनदार होत्या का, हेही तपासा. न्यायालयाचे खरे समन्स आले तर घरी बसू नका. लोकअदालतीची नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे, पण तिथे तडजोडीवर सही केली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून तिथेही वकिलाशिवाय सही नको. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर धुळ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज आईंच्या नावाने करा.