ऑफिसमधल्या दुश्मनांची ख्रिसमसवाली लव्हस्टोरी वाचतोय पण मन लागत नाहीये, पुढे वाचू का सोडून देऊ?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात एकमेकांचं तोंड बघत नाहीत असे दोघं ख्रिसमसच्या सुट्टीत प्रेमात पडतात अशी इंग्रजी कादंबरी घेतलीय, निम्मी झाली तरी पकड घेत नाही, तर दोष पुस्तकाचा का तुमचा. मी अशीच एक गेल्या डिसेंबरात पूर्ण वाचली. दोष तुमचा नाही.

मी सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या लॅबला आहे. डिसेंबरात हंगाम ऐन भरात, सुट्टी कसली, रात्रपाळीत दोन सॅम्पलच्या मधे मोबाईलवर काय वाचून होईल तेवढंच, त्यामुळे बर्फ, शेकोटी असलं काहीतरी वाचायला मी आसुसले होते. गोष्ट अशी की जाहिरात कंपनीतले दोघं, प्रमोशन एकच, साहेब दोघांना क्लायंटकडे डोंगरातल्या गावी पाठवतो, बर्फानं रस्ता बंद आणि लॉजवर खोली एक. एवढ्याला माझी तक्रार नाही, ह्या पुस्तकांत ते असतंच आणि मला आवडतं पण.

पण ते भांडतात कशावरून हेच कळत नाही हो! अख्ख्या पुस्तकात कोणी काम करताना दिसत नाही. कोणाची जाहिरात चांगली होती, कोणी कोणाचा क्लायंट पळवला, काही नाही, कॉफीवरून आणि टायवरून टोमणे मारत बसतात, मग थंडीत तो तिला स्वतःचा स्वेटर देतो आणि हिचा राग गेला. राग होता कुठे पण?

ऑफिसातली खरी ईर्षा मला माहितीय. आमच्यात लॅब आणि शेती खातं. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, पडला की आम्ही म्हणणार तुम्ही शिळा ऊस आणला, दोन दोन दिवस फडात पडलेला, ते म्हणणार ऊस ताजाच होता, मिल बंद पडली म्हणून गाड्या यार्डात वाळल्या. तोडलेला ऊस थांबेल तशी साखर कमी होते आणि वजन पण घटतं हे दोघांनाही माहिती, भांडण असतं उशीर कोणामुळे झाला ह्याचं. त्यात एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, उताऱ्यावर ठरते, बेस १०.२५ टक्के, त्याच्या वर उतारा गेला की दर वाढतो, म्हणजे शेवटी ऊसवाल्याच्या बिलाचा विषय असतो, म्हणून आवाज चढतात.

एका रात्री मी चिडून दोन वाजता स्वतः यार्डात गेले, तर शेती खात्याच्या ज्या सरांवर माझा सगळा राग होता ते बॅटरी घेऊन एकेका गाडीची तोडणीची स्लिप बघत होते आणि आधी तोडलेला ऊस आधी गव्हाणीवर, म्हणजे मिलमध्ये ऊस जातो तिथं, सोडत होते. माझं मत तिथंच बदललं. प्रेमबिम काही नाही, त्यांना दोन मुलं आहेत, पण त्या माणसाचं काम डोळ्यानं बघितलं म्हणून बदललं. कादंबरीत मला हेच पाहिजे होतं.

जेन ऑस्टिनच्या प्राइड अँड प्रेज्युडिसमध्ये, १८१३ सालच्या, ते आहे. ६१ प्रकरणांपैकी ३४व्यात नायक डार्सी मागणी घालतो, नायिका एलिझाबेथ धुडकावते, आणि मग त्याचं पत्र येतं ते ती परत परत वाचते, आपण माणूस ओळखण्यात चुकलो हे तिला कळतं, मग कुठे हळूहळू बाकीचं.

मी वाचलेल्यात शेवटी साहेब दुसरी पोस्ट काढतो आणि दोघांनाही प्रमोशन. मला सगळ्यात जास्त वाईट ह्याचंच वाटलं, कारण कोणालाच काही सोडावं लागलं नाही, मग एवढे दिवस मी कोणासाठी जीव टांगणीला लावून वाचत होते?

तुमच्या निम्म्या पुस्तकात एकाला दुसऱ्याचं काम बघून मनातून मान वाटला असा एक तरी प्रसंग आला असेल तर पुढे वाचा, प्रेम नंतर येईल. तसलं काही आलं नसेल तर ठेवून द्या.