कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघांतले सर्वात मोठे खेळाडू कोण?

महिला संघात ब्रिआना स्टुअर्ट, पुरुष संघात केम्बा वॉकर. महिला संघाने 2025 पर्यंत 12 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, पुरुष संघाने 6. दोघेही एकाच वर्षी विजेते होण्याचा पराक्रम तर 2004 आणि 2014 असा दोनदा झाला.

स्टुअर्ट चार वर्षं खेळली, चारही वेळा (2013 ते 2016) विजेतेपद आणि चारही वेळा अंतिम फेरीतली सर्वोत्कृष्ट खेळाडू. याच्या तोडीचं काही महाविद्यालयीन खेळात मला दिसत नाही. डायना टोरासी (2002 ते 2004, सलग तीन विजेतेपदं) आणि 3,036 गुण करणारी माया मूर लगेच तिच्या मागे. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा 1985 पासून तेच आहेत, सातत्याचं मोठं कारण हेच.

वॉकरचं 2011 वेगळंच होतं. बिग ईस्ट (विद्यापीठांचा एक गट) स्पर्धेत संघाला नववं मानांकन. पाच दिवसांत पाच सामने जिंकले, मग राष्ट्रीय स्पर्धेतले सहाही. पुरुष संघाच्या 2004 च्या विजेतेपदाचा मोठा खेळाडू एमेका ओकाफोर, 2014 च्या विजेतेपदाचा शबाझ नेपियर.

दोन्ही संघांचे आकडे मात्र थेट शेजारी ठेवू नका. महिलांचा चेंडू 6 नंबरचा, पुरुषांचा 7 नंबरचा. महिला 10 मिनिटांचे चार क्वार्टर खेळतात (2015-16 पासून), पुरुष 20 मिनिटांचे दोन हाफ. फाउलची मोजणीही महिलांमध्ये दर क्वार्टरला नव्याने सुरू होते, त्यामुळे फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोफत फेकीच्या) संधी बदलतात.