कॅमेरा ट्रॅप असताना जंगलात वायरलेस सेन्सर कशाला लावतात? आणि ते टिकतात का?

कॅमेरा ट्रॅप म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. म्हणजे त्याच्यासमोर प्राणी यावा लागतो. तो बिळातच बसून असेल तर? म्हणून मी नेहमी ग्रेट डक आयलंडचं उदाहरण देतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात हे बेट आहे, आणि तिथे काय काय बिघडलं तेही सेन्सर लावणाऱ्या मंडळींनी मोकळेपणाने लिहून ठेवलंय.

लीचेस स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी तिथे जमिनीत बीळ खणून एकच अंडं घालतो. नर-मादी पाळीपाळीने उबवतात आणि ये-जा रात्रीच करतात. उबवायला सुरुवात झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत कोणी बिळात हात घातला, तर पक्षी अंडं सोडून जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे मोजायला जावं, तर जे मोजायचं तेच नाहीसं! कॉलेज ऑफ द अटलांटिकच्या जीवशास्त्रज्ञांना हवं होतं ते साधंच होतं. बीळ भरलेलं आहे की रिकामं, आत-बाहेर तापमानात फरक किती, पक्षी नेमकी हीच जागा का निवडतो. त्यासाठी 2002 च्या उन्हाळ्यात बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने आणि इंटेलच्या तिथल्या प्रयोगशाळेने 32 नोडपासून सुरुवात केली. नोड म्हणजे सेन्सर, छोटा रेडिओ आणि बॅटरी असलेली एक डबी. तापमान, दमटपणा, हवेचा दाब, उजेड, शिवाय अंगाची ऊब ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर. सगळं दोन पेन्सिल सेलवर. माहिती बेटावरच्या बेस स्टेशनपर्यंत, म्हणजे सगळ्या नोडची माहिती गोळा करणाऱ्या संगणकापर्यंत, तिथून उपग्रहामार्गे इंटरनेटवर.

आता टिकण्याचं. हिशेब नऊ महिन्यांचा होता. दोन सेलमधून 2200 मिलीअँपिअर-तास (सेलमधली वीज मोजायचं माप) मिळतात असं धरलं, तर दिवसाला जेमतेम 8 वाट्याला येतात. नोडमधला रेडिओ सतत ऐकत ठेवला तर सेल महिनाभरही पुरणार नाहीत. म्हणून नोड बहुतेक वेळ झोपलेला, मध्येच उठून मोजतो, पाठवतो, परत झोपतो. पुढे एका नोडचा निरोप दुसऱ्याने पुढे ढकलायचा ठरलं की आणखी एक भानगड येते. ज्याच्यावरून सगळ्यांची वाहतूक जाते, त्याची बॅटरी आधी संपते.

पण माझ्या मते खरा शत्रू पाणी. सर्किटवर लेप दिला तरी सेन्सरला झाकता येत नाही, दमटपणा मोजायचा तर त्याला हवा लागलीच पाहिजे. ग्रेट डकवर दमटपणाचे आकडे अशक्य यायला लागले की तो नोड लवकरच बंद पडतो, असं दिसून आलं. आकडा चुकीचा, पण नोड आजारी असल्याची बातमी मात्र खरी! हे मला फार आवडलं, कारण कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही असेच आकडे 'खराब डेटा' म्हणून पुसून टाकले होते आणि आठवड्याभरात तीन नोड गेले. उघडून पाहिलं तर सिलिकॉनने बंद केलेल्या डब्यात आतूनच घाम.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, जंगलात वाघ दिसला का एवढंच हवं असेल तर कॅमेरा ट्रॅपच घ्या, स्वस्तात काम होईल. बीळ, घरटं, पाणवठा यांच्या आतलं हवामान महिनोन् महिने हवं असेल, तरच सेन्सरच्या मागे लागा. आणि नोडची ऑर्डर देण्याआधी रिकामा डबा जूनमध्ये गच्चीवर ठेवून बघा. आत टिश्यू पेपर ठेवा, पंधरा दिवसांनी उघडा.