मला साक्ष देता येत नाही, ताई

नगरच्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारी दुपारी मी समुपदेशनाला बसते. पैसा आणि सूनबाई यांच्या खालोखाल तिथे कानावर येणारी तक्रार म्हणजे, "मला बोलता येत नाही, गाता येत नाही, माझ्या हातून प्रभूची सेवा कसली होणार?"

त्यातल्याच या मावशी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) साठीच्या, विधवा. "सलाम ताई" म्हणून बसल्या आणि झोप लागत नाही म्हणाल्या. हळूहळू कळलं ते असं: चर्चमधल्या 'महिला रविवारी' मावशी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभ्या राहिल्या, दोन वाक्यांत घसा सुकला, खाली बसल्या. धाकटी जाऊ घरोघरी प्रार्थना घेते, खणखणीत बोलते. त्या दिवसापासून मावशींनी उपासनेला जाणंच सोडलं.

"पंडिता रमाबाईंनी केडगावात केवढं करून ठेवलं! आणि मी रिकाम्या हातानं वर जाणार."

मी त्यांना वही दिली. दिवसभरात दुसऱ्यासाठी जे केलं ते रात्री लिहायचं, ही आमची नेहमीची युक्ती. पुढच्या बुधवारी वही कोरीच परत आली. "उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात ना, ताई? मग वहीला कशाला?" बायबलमधला हा मत्तयाचा सहावा अध्याय माझ्यावरच उलटला.

त्याच दिवशी पावणेचारला त्या घड्याळाकडे बघू लागल्या. शेजारच्या आजी वाट बघत असतील म्हणे. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या या आजींचे केस मावशी दोन वर्षं रोज चार वाजता विंचरत होत्या. सून नोकरीला जाते. तिनं सोयीसाठी केस कापूया म्हटल्यावर आजी रडल्या होत्या.

"कसे विंचरता?" मी सहज विचारलं.

उशीवर घासून मागे गुंता होतो. खोबरेल आधी तळहातावर चोळून घ्यायचं. कंगवा मोठ्या दातांचा. एका हातानं केस मुळाशी धरायचे, म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून बोट-बोट वर सरकायचं. आजींना बोलता येत नाही. दुखलं की डाव्या हाताची बोटं आवळतात, तिकडे नजर ठेवायची. मावशी पंधरा मिनिटं बोलत होत्या. घसा एकदाही सुकला नाही.

मग आम्ही बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा नववा अध्याय काढला. यापो शहरातल्या टबीथेचं, म्हणजे दुर्कसचं, एकही वाक्य शास्त्रात नाही. ती वारल्यावर विधवा रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला दाखवतात ते तिनं शिवलेले अंगरखे. आणि मूळ ग्रीक नव्या करारात 'शिष्या' हा स्त्रीलिंगी शब्द एकदाच येतो, तो तिच्यासाठी. रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातल्या मुली आणल्या, तेव्हा त्यांना न्हाऊमाखू घालणारे, डोकी विंचरणारे हातही असणारच. त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत. आपल्याकडे 'सेवा' हा शब्द व्यासपीठावर चढून बसलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. (पाळकसाहेबांनाही हे सांगून झालंय.)

पण एवढ्यानं झोप आली नाही. मावशी अंगात ताप असतानाही आजींकडे जात. "नाही गेले तर वर विचारतील." ही माया नव्हती, धास्ती होती, आणि आमच्या पुढच्या तीन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ठरलं, रविवारी सुनेनं विंचरायचं. सुनेला तसं सांगणं मावशींना साक्षीपेक्षा जड गेलं.

आता त्या उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात. साक्ष दिलेली नाही, मी विचारतही नाही. झोप बरी आहे. मागच्या भेटीत तक्रार एवढीच, की सून मुळापासून ओढते.

"मग?"

"मग काय, हात धरून शिकवलं तिला."