युलिउ आणि ड्युला हा एकच बोदोला

युलिउ बोदोला आणि ड्युला बोदोला हे दोन वेगळे फुटबॉलपटू की एकच, असं तुम्ही विचारलंत. आधी थेट उत्तर देतो. रोमानियाच्या राष्ट्रीय संघाच्या यादीत ४८ सामन्यांत ३० गोल असलेला युलिउ बोदोला आणि हंगेरीच्या यादीत १३ सामन्यांत ४ गोल असलेला ड्युला बोदोला हा एकच माणूस. युलिउ हे रोमानियन रूप, ड्युला हे हंगेरियन. हंगेरियनमध्ये आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी येतं, त्यामुळे तिकडे तो 'बोदोला ड्युला' म्हणून सापडेल.

'पैसे मिळाले असतील म्हणून देश बदलला' असं तुम्ही पुढे लिहिलंत. ते मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोदोलाचा जन्म फेब्रुवारी १९१२चा, ब्रासोव्हचा. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं आणि तो हंगेरियन वंशाचा. पोरगा शाळेत जायच्या वयाचा झाला तोवर पहिलं महायुद्ध संपलं, ब्रासोव्ह ज्या प्रांतात येतं तो ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे गेला. म्हणजे आयुष्यातला पहिला 'देशबदल' त्याने घराचा उंबरा न ओलांडता केला. त्याच्या वेळच्या रोमानियाच्या राष्ट्रीय संघातली नावं वाचा: दोबाय, बारात्की, कोवाच, फोगल. निम्मा संघ असाच, सीमा डोक्यावरून सरकलेल्या घरांतला. बारात्की तर आधी हंगेरीकडून खेळून आलेला. त्याला १९३३ साली बर्नमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध उतरवलं, सामना २-२ सुटला आणि मग तो अपात्र ठरल्यामुळे निकाल स्वित्झर्लंडच्या बाजूने फिरवला गेला. वर्ल्ड कप पात्रतेचा सामना होता तो!

बोदोला १९३१ साली राष्ट्रीय संघात आला तेव्हा १९ वर्षांचा होता आणि ओरादियाच्या क्लब अ‍ॅटलेटिककडून खेळत होता. त्या काळी दोन बॅक, तीन हाफ आणि पुढे पाच अशी मांडणी असायची. त्या पाचांत बोदोला डावा इनसाइड, म्हणजे मधला आणि डाव्या कडेचा यांच्यामधला; त्याच्या बाहेर डाव्या विंगवर रिपेन्सिया तिमिशोआरा या क्लबचा दोबाय. एकाच बाजूला असे दोन गोल करणारे शेजारी शेजारी म्हणजे समोरच्या उजव्या बॅकची पंचाईत. १९३३च्या बाल्कन कपमध्ये रोमानियाने बुखारेस्टमध्ये बल्गेरियाला ७-०, युगोस्लाव्हियाला ५-० आणि ग्रीसला १-० हरवलं. तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या काळी देशाचा सर्वाधिक गोल करणारा हा माणूस रोमानियन लीगचा टॉप स्कोअरर एकदाही झाला नाही. तो मान दोबाय, चोलाक, बारात्की यांच्याकडे गेला. वर्ल्ड कपमध्येही बोदोलाच्या नावावर गोल नाही. २७ मे १९३४ला त्रिएस्तमध्ये तो चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध खेळला. अकराव्या मिनिटाला दोबायने गोल केला आणि मध्यंतरापर्यंत रोमानिया पुढे होता. समोर गोलमध्ये प्लानिचका उभा होता, दुसरा गोल झालाच नाही. मग पुच आणि नेयेदलीने गोल केले, २-१ झालं, संपलं. तोच चेक संघ पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला, हे लक्षात घेतलं तर तो सामना किती हातातला गेला ते कळतं. १९३८ला तुलूझमध्ये क्यूबाशी ३-३ बरोबरी झाली. चार दिवसांनी फेरसामन्यात बोदोलाला संघाबाहेर बसवलं, आणि रोमानिया १-२ हरला. मला विचाराल तर ती घोडचूक होती.

१९३७ साली तो बुखारेस्टच्या व्हीनस क्लबकडे गेला, तिथे १९३९ आणि १९४०ची लीग जिंकली. मग ३० ऑगस्ट १९४०ला व्हिएन्नाचा दुसरा निवाडा, म्हणजे जर्मनी आणि इटलीने दिलेला सीमेचा निर्णय, आला आणि उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया, ओरादियासकट, हंगेरीला मिळाला. इथे 'सीमा हलली, बिचारा काय करणार' असंही म्हणता येत नाही. त्याचं जन्मगाव ब्रासोव्ह आणि त्याचा क्लब असलेलं बुखारेस्ट, दोन्ही रोमानियातच राहिली होती. ओरादियाला, आता नाग्यवाराद झालेल्या शहरात, परतायचं त्याने स्वतः ठरवलं. पण सलग दोन वेळा लीग जिंकलेला राजधानीतला संघ सोडून जुन्या गावच्या संघाकडे जाणारा माणूस पैशामागे धावतोय असं मला तरी वाटत नाही. तो आपल्या माणसांत परत गेला.

१९४३-४४ला त्या संघाने हंगेरीची लीग जिंकली. बुडापेस्टबाहेरच्या क्लबने ती जिंकायची ही पहिलीच वेळ. १९४४च्याच मे-जूनमध्ये शहरातल्या ज्यूंना घेट्टोत कोंडून आउशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत धाडलं गेलं. हा विजय सांगताना ते वगळणं मला जमत नाही.

युद्धानंतर शहर पुन्हा रोमानियाचं झालं. बोदोला एक मोसम क्लुजच्या फेरारकडून खेळला, १९४६ला बुडापेस्टच्या एमटीकेकडे गेला, १९४८पर्यंत हंगेरीकडूनही खेळत राहिला. १९९३ साली बुडापेस्टमध्येच वारला. त्याचा ३० गोलांचा विक्रम तेव्हाही अबाधित होता. रोमानियाच्याच गेओर्गे हाजीने तो १९९७ साली मोडला. हाजीचे शेवटी ३५ गोल झाले, पण १२४ सामन्यांत.

आता ओरादियातल्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. नाव रोमानियन रूपातलं आहे: युलिउ बोदोला.